फ्लेक्सवरचे गाडगीळ

गेल्या सप्टेंबरात आजोळी गेले होते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. सकाळी चहा पिता पिता मामा म्हणाले, "साखर कारखान्याची सभा आहे आज. येतेस का? लिहायला काही मिळो ना मिळो, जिलबी नक्की मिळेल." गेले. आवारात मोठा मांडव, भुरभुर पाऊस, ताडपत्रीला आलेला पाण्याचा फुगा दोन पोरं काठीनं वर ढकलत होती आणि ते पाणी कडेला बसलेल्यांच्या अंगावर आलं की हशा पिकत होता. गाळप सुरू व्हायला अजून अवकाश होता, तरी मळीचा, म्हणजे साखर काढून उरणाऱ्या काळ्या पाकाचा, तो आंबूस-गोड वास हवेत होताच. तो बारा महिने जात नाही आणि तिथल्या माणसांना येतही नाही. हातात गुळगुळीत कागदाचा अहवाल पडला. पुढची पानं फोटोंची, मागची तक्त्यांची. सगळे पुढचीच चाळत होते. आधी श्रद्धांजलीचा ठराव झाला, दोन मिनिटं उभं राहून झालं. मग "मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे" असं व्यासपीठावरून पुरतं म्हणून व्हायच्या आत पुढच्या रांगेतून आरोळी आली, मंजूर! पुढचा विषय, मंजूर. ताळेबंद आणि नफातोटा पत्रक, मंजूर, मंजूर. मध्येच मागून एक आजोबा उठले. अहवाल डोळ्यांना लावून म्हणाले, "मळी किती निघाली ते दिलंय. कितीला विकली ते कोणत्या पानावर आहे?" अध्यक्ष मनापासून हसले. म्हणाले, "बापू, तुम्ही तर घरचे. ऑफिसला या, चहा घेऊ, सगळे कागद दाखवतो." बापू बसले. पुढचा विषय मंजूर झाला.

यातलं काहीच मला नवं नव्हतं, लहानपणापासून असंच ऐकलंय. डोक्यात अडकलं ते भलतंच. अध्यक्षांच्या मागे व्यासपीठभर फ्लेक्स होता आणि त्यावर सहकारातल्या थोरांची रांग. विखे पाटील, वैकुंठभाई, यशवंतराव, आणि अगदी कडेला, कमानीच्या खांबामागे अर्धे झाकलेले एक गृहस्थ. खाली नाव छापलेलं : डॉ. धनंजयराव गाडगीळ. वर फोटो मात्र काकासाहेब गाडगिळांचा. इंटरनेटवर 'गाडगीळ' शोधून जो पहिला जुना फोटो मिळाला तो डीटीपीवाल्यानं लावून टाकला असणार. मामांना म्हटलं, "अहो, हे ते नव्हेत." मामांनी मान वाकडी करून पाहिलं. "गाडगीळ आहेत ना? मग झालं तर. कोण बघतंय तिकडे?"

कोणी बघत नव्हतं हे खरंच होतं.

त्यांना तरी काय बोलायचं. पुण्यात गाडगीळ म्हटलं की आधी सराफ आठवतात. मग ज्यांना वाचनाचा नाद आहे त्यांना कथाकार गाडगीळ. ते मुंबईत अर्थशास्त्रच शिकवायचे, म्हणजे घोळात आणखी घोळ. राजकारण जाणणाऱ्यांना काकासाहेब. गेल्या पंधरा वर्षांत 'गाडगीळ समिती' म्हटलं की पश्चिम घाट आणि माधवराव, म्हणजे धनंजयरावांचे चिरंजीव. या रांगेत धनंजयरावांचा नंबर शेवटून पहिला. वास्तविक विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यात प्रत्यक्ष खुणा ठेवून गेलेला त्यांच्याएवढा अर्थशास्त्रज्ञ दुसरा नाही. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्रात मोठेच, पण त्यांचं काम त्या शास्त्राच्या बाहेर फार दूरवर गेलं. धनंजयराव आयुष्यभर अर्थशास्त्रातच राहिले आणि तरीही त्यांच्या नावाचा फोटो चुकतो.

घरी आल्यावर त्यांच्याविषयी जे मिळेल ते वाचत सुटले. जन्म १९०१चा, नाशिकचा, बालपण नागपुरात, मग केंब्रिज. तिथं एम.लिट.साठी लिहिलेला प्रबंध १९२४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यानं पुस्तक म्हणून काढला, तेव्हा ग्रंथकर्त्याचं वय तेवीस. विषय साधा नव्हता : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हिंदुस्थानातले कारागीर कसे मोडत गेले, गिरण्या कशा उभ्या राहिल्या, शेतकरी बाजाराला कसा जोडला गेला. ते पुस्तक पुढे जवळजवळ पन्नास वर्षं आवृत्तीमागून आवृत्ती काढत राहिलं. परत आल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडी नोकरी, सुरतेच्या कॉलेजात प्राचार्यपद. आणि १९३० साली साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांनी दिलेल्या देणगीतून भारत सेवक समाजानं पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था काढली, तिचे हे पहिले संचालक. तिथं ते १९६६ पर्यंत राहिले. छत्तीस वर्षं एका खुर्चीत माणूस बसला की बहुधा ती खुर्ची मोठी होत जाते. इथं काय झालं ते संस्थेनं काढलेल्या अहवालांची नुसती नावं वाचली तरी कळतं.

पुण्यातल्या फळांची विक्री. मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतली मोटार-बस वाहतूक. वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च. सातारा जिल्ह्यातलं प्राथमिक शिक्षण. पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी, दोन खंडांत. सोलापूर शहर. केंब्रिजहून आलेल्या माणसानं पहिल्या काही वर्षांत हात घातला तो पेरू-संत्री-आंब्यांच्या पाट्यांना, याची मला फार गंमत वाटते. ज्या काळात मंडईत दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि माल पिकवणारा शेजारी उभा राहून त्या रुमालाकडे बघायचा, त्या काळात कोणीतरी वही घेऊन विचारत होतं की गिऱ्हाइकानं दिलेल्या रुपयातले शेतकऱ्याला किती आणे पोचले, हमाली किती, तोलाई किती, दलाली किती. राष्ट्रीय चळवळ ऐन भरात होती, भाषणांना तोटा नव्हता. हे लोक मात्र बस कुठून कुठे किती माणसं नेते ते मोजत बसले होते. मला विचाराल तर तेही त्या चळवळीतलंच काम होतं, फक्त त्याला टाळ्या नव्हत्या.

आमच्या भागाशी नातं जुळतं ते कालव्यांच्या पाहणीपासून. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी लोकांचं नेमकं काय भलं झालं, याचा अहवाल संस्थेनं १९४८ साली काढला. हे कालवे इंग्रजांनी दुष्काळाची ढाल म्हणून काढलेले. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, पाणी पाटानं खाली आलं, आणि शेतकरी त्याकडे बघतच राहिला, कारण बागाइताला लागणारं भांडवल त्याच्याकडे नव्हतं. मग कंपन्या आल्या. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या, हजारो एकरांचे मळे केले, साखर काढली. ज्यांच्या जमिनी गेल्या ते 'खंडकरी' झाले आणि त्यांच्या नातवंडांपर्यंत कोर्टकचेऱ्या चालल्या. आमच्या आजीच्या माहेरी हा शब्द आडनावासारखा वापरला जायचा, "ते खंडकऱ्यांचे ना?" ज्यांनी जमीन दिली नाही त्यांनी स्वतः ऊस लावला, गूळ केला, आणि गुळाचा भाव पडला की सावकाराच्या दारात गेले. म्हणजे पाणी आलं, हिरवं झालं, आणि मधला पैसा तिसराच घेऊन गेला. फळांच्या पाहणीत दिसलेलं मंडईतलं गणित इथंही तेच होतं, पाटी मोठी होती एवढंच.

आता इथं लोणीचे विठ्ठलराव विखे येतात. शिक्षण बेताचं, पण १९२३ सालीच गावात सहकारी पतपेढी काढलेली. शेतकऱ्यांनी मिळून कारखाना काढायचा हे वेड त्यांनी डोक्यात घेतलं होतं. शेअर गोळा करत गावोगाव हिंडले. फिरतीवर भाकरी घरची बांधून न्यायचे, संस्थेच्या पैशानं चहासुद्धा प्यायचे नाहीत, असं आमच्याकडे अजून सांगतात. १९४५ साली बेलापूरला बागाइतदारांची परिषद भरली तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. तिथून दोघांची गाठ घट्ट झाली. कारखान्याची नोंदणी झाली, सहकाराचे भीष्म वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई सरकारात मंत्री होते, त्यांनी सरकारी भागभांडवलाची वाट मोकळी केली, आणि १९५०च्या अखेरीला प्रवरानगरला पहिलं गाळप सुरू झालं. फ्लेक्सवर 'आशियातला पहिला' असं छापतात. तसं म्हटलं तर आंध्रातल्या एटिकोप्पाका गावानं सहकारी साखर कारखाना तीसच्या दशकातच काढून पाहिला होता. पण रोपाचं रान झालं ते इथं, हे कोणी नाकारणार नाही.

आणि या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते प्रोफेसर गाडगीळ. विखे पाटील उपाध्यक्ष.

ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येते आणि आपण ती ओलांडून पुढे जातो. जरा थांबून साल बघावं. १९४८च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरं जळली. 'अठ्ठेचाळीसचं जळीत' एवढंच म्हटलं तरी जुन्या घरांत अजून आवाज खाली येतो. कुळकायदा दारात उभा होता. बामण आणि मराठा, शहर आणि खेडं यांच्यात जो उभा चिरा गेला तो धड सांधला गेलाच नाही. नेमक्या त्या वर्षांत नगर जिल्ह्यातले बागाइतदार आपल्या कष्टाच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या कारखान्याच्या खुर्चीवर पुण्याच्या एका कोकणस्थ प्राध्यापकाला बसवतात, आणि तो प्राध्यापकही गोखले संस्थेतलं काम सांभाळून बरीच वर्षं ती खुर्ची सांभाळतो. विखे पाटलांना हिशेबाचा, सरकारदरबारी बोलणारा, आणि ज्याचा स्वतःचा ऊस नाही असा माणूस हवा होता, हे व्यवहाराचं कारण झालं. ज्याचा ऊस नाही त्याला कोणाची तोड आधी आणि कोणाची नंतर यात गोडी नसते. पण व्यवहारापलीकडे काही तरी असल्याशिवाय असं होत नाही. विखे पाटलांनी या माणसाला बांधांवरून हिंडताना, पाटाच्या पाण्याचे आकडे विचारताना पाहिलं होतं. ओळख झाली ती वहीतून.

त्यांना सहकाराचं भाबडं प्रेम नव्हतं, हे मला विशेष वाटतं. रिझर्व्ह बँकेनं गोरवालांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण पतपुरवठ्याची जी प्रचंड पाहणी केली, ७५ जिल्हे, ६०० खेडी, तिच्या समितीत गाडगीळ होते. १९५४ साली अहवाल आला. पन्नास वर्षं सहकारी पतपेढ्यांचा कायदा राबवल्यावर शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा निघाला शेकडा ३.१. सावकारांचा, धंदेवाईक आणि शेतकरी-सावकार मिळून, शेकडा सत्तरच्या आसपास. सरकारी अहवालात सहसा न सापडणारा एक सणसणीत निष्कर्ष त्यात आहे : सहकार फसला आहे, पण सहकार यशस्वी झालाच पाहिजे. वरवर हे हट्टी पोराचं बोलणं वाटतं. पण त्यामागचा युक्तिवाद कोरडा होता. खेड्यात सावकार, व्यापारी आणि वजनदार मंडळी एकमेकांना धरून उभी असतात. त्यांच्यासमोर दहा-वीस गरिबांची पेढी एकटी टिकत नाही. म्हणून कर्ज, माल विकणं आणि प्रक्रिया हे एका साखळीत आणा आणि सरकारनं भागीदार म्हणून पाठीशी उभं राहावं. कारखाना ही त्या साखळीतली शेवटची कडी. ऊस दिला की बिलातूनच सोसायटीचं कर्ज वळतं होतं, वसुलीला दारोदार फिरावं लागत नाही. आजही आमच्या मामांचं बिल असंच निघतं. हातात येतं ते कापाकापी होऊन उरलेलं.

सरकारला भागीदार केलं की एक दिवस सरकार चालवणारेच मालक होतील, हे त्या विद्वानांना दिसलं नसेल का? मी या प्रश्नाशी बरेच दिवस झोंबले. माझं मत असं की दिसलं असणार, पण त्यांचा भरवसा एका गोष्टीवर होता : खुर्चीवर हिशेब विचारणारा माणूस असेल. पहिल्या कारखान्यात तो होता. पुढच्या कारखान्यांत खुर्चीचा रस्ता विधानसभेकडे जायला लागला आणि हिशेब विचारणारे खाली सतरंजीवर, नंतर प्लास्टिकच्या खुर्चीवर, जाऊन बसले. आता राज्यात गाळप करणाऱ्या कारखान्यांत निम्म्याच्या आसपास खासगी आहेत, आणि त्यांतले काही कधीकाळचे सहकारीच, आजारी पडून लिलावात निघालेले. घेणारे कोण हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ज्यांच्या हातून आजारी पडले त्यांचेच पाहुणे.

दिल्लीचा भाग मी भराभर सांगते, कारण तो पाठ्यपुस्तकात सापडतो. आयुष्यभर योजना आयोगावर टीका केली, आयोगानं सल्लागार तज्ज्ञांचं मंडळ असावं, मंत्र्यांच्या कारभारात लुडबुड करू नये असं लिहीत राहिले, आणि १९६७ साली त्याच आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोवर राज्यांना केंद्राचा पैसा कसा वाटायचा याला धड नियम नव्हता. ज्याचा मुख्यमंत्री दिल्लीत वजनदार त्याला जास्त. गाडगिळांनी सूत्र बसवलं. आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर यांचं आधी बाजूला काढा. उरलेल्यापैकी ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के सरासरीपेक्षा गरीब असलेल्या राज्यांना, १० कर गोळा करण्याच्या प्रयत्नावर, १० चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे-वीज प्रकल्पांवर आणि १० राज्याच्या खास अडचणींवर. चौथ्या योजनेपासून ते लागू झालं आणि दुरुस्त्या होत होत आयोग असेपर्यंत नाव टिकून राहिलं. मराठी माणसाच्या या सूत्रात गरिबीच्या कलमाखाली महाराष्ट्राला एक पैसाही मिळत नव्हता, कारण आपलं दरडोई उत्पन्न सरासरीच्या वर. संयुक्त महाराष्ट्रासाठी खटपट केलेल्या माणसानं हे केलं, याचा मला मनातून अभिमान वाटतो. आता असं कोणी केलं तर त्याच्या पुतळ्याचं दहन होईल. आयोग मोडीत निघाला तसं ते सूत्रही गेलं. त्यांचं दुसरं काम मात्र अजून भिंतीवर आहे. बँकांनी शहरात गर्दी न करता एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेकीनं घ्यावी, ही कल्पना त्यांच्याच अभ्यासगटानं १९६९ साली मांडली. जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणतात ती हीच. आमच्या नगरला सेंट्रल बँक. पीककर्जाच्या रांगेत त्या पाटीखाली उभ्या असलेल्या कोणाला गाडगीळ विचारून पाहा.

१९७१च्या निवडणुकीनंतर इंदिराबाईंनी आयोगाची फेररचना केली आणि धनंजयराव पद सोडून निघाले. ३ मे १९७१ला, दिल्लीहून पुण्याला परतताना, रेल्वेगाडीतच गेले. सत्तर वर्षांचे होते.

त्यांच्याविषयी वाचताना मला सारखी एक रिकामी जागा दिसत राहिली आणि ती भक्तिभावानं झाकावीशी वाटत नाही. कालव्याच्या अहवालात, कारखान्याच्या रचनेत, पतपुरवठ्याच्या साखळीत जमीनवाला आहे, पाणी घेणारा आहे, शेअर घेणारा आहे. कोयता घेणारा या रचनेच्या आत कुठेच नाही. दिवाळी झाली की बीड-पाथर्डीकडून ट्रक भरून टोळ्या येतात, मुकादमाची उचल अंगावर घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. आजोळच्या घरामागे त्यांच्या कोप्या पडायच्या. पहाटे चारला चुली पेटायच्या, ओल्या पाचटाचा धूर आमच्या खिडकीतून आत यायचा आणि मामी कडी लावून घ्यायची. ती माणसं कारखान्याची सभासद नाहीत, नोकरही नाहीत. कागदावर ती मुकादमाची. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून, आणि सरकारला समिती नेमावी लागली. ज्या माणसानं मंडईतल्या पाटीमागे किती आणे कोणाला जातात ते मोजलं, त्यानं उभ्या केलेल्या रचनेत तोडीच्या मजुरीमागचा हिशेब मुकादमाच्या खिशातल्या डायरीवर सोडला गेला. काळ तसा होता म्हणावं, तर त्याच माणसानं देशातल्या कामकरी स्त्रियांवरही अभ्यास लिहिलेला आहे. त्यांना बायका दिसत नव्हत्या असं नाही. दुष्काळी मुलखात पाणी पिणारं पीक किती वाढवायचं, हा प्रश्नही तसाच राहिला. त्यांच्या मुलाला तो बापापेक्षा जास्त छळत असावा. धनंजयराव पक्षी बघायला जायचे, सलीम अलींशी परिचय होता, शेजारी इरावतीबाई कर्वे. माधवराव या घरातून निसर्गशास्त्राकडे वळले आणि पुढे पश्चिम घाटाच्या अहवालात ग्रामसभेला विचारा म्हणून अडून बसले. बापानं शेअरहोल्डर शोधला, मुलानं ग्रामसभा. दोघांच्याही अहवालांचं आपण काय केलं ते दिसतंच आहे.

हे 'आपण' म्हणजे कोण, इथं येऊन मला थांबावं लागतं. पुण्यात आमच्या बैठकीत साखरसम्राट हा शब्द निघाला की सगळ्यांना चव येते. कोणाची गाडी, कोणाची डिस्टिलरी, कोणाच्या जावयाचं इंजिनीअरिंग कॉलेज. ते सगळं खरं असतं. पण गाडगिळांनंतर पुण्यातून दुसरा कोण गेला? अर्थशास्त्र शिकलेले, सीए झालेले, कॉस्टिंग येणारे हजारो लोक या शहरानं तयार केले. ते मुंबईला गेले, बंगळुरूला गेले, न्यू जर्सीला गेले. लोणीला किंवा कोपरगावला कोण गेलं? बोलावलं नाही हे खरं. गाडगिळांना तरी पाटाच्या कडेनं हिंडायला कोणी बोलावलं होतं? जळितानंतर एका समाजानं खेड्याकडे पाठ फिरवली, त्यामागे भीती होती, अपमान होता, तो मी हलका करत नाही. पण पुढच्या पिढ्यांना ती भीतीही नव्हती, सवय होती. खेड्यातला पैसेवाला अडाणी आणि चोर, शहरातला पगारदार सज्जन, एवढ्यावर आमचं समाजशास्त्र संपलं. तिकडे मराठा तरुण शिकून पुढे आला तेव्हा त्यालाही कारखान्यात नोकरी हवी होती, ताळेबंद वाचायची विद्या त्यानंही तिथं खर्च केली नाही, कारण ती खर्च केली तर नोकरी जाते. मग मळी कितीला विकली हे विचारायला ऐंशी वर्षांचे बापूच उरतात. कायद्यानं एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत. बापूंचं मत अध्यक्षांच्या मताएवढंच आहे, पण त्या मताला हिशेबाची साथ नाही.

एवढं सगळं डोक्यात घोळत असताना दिवाळीत भाचा आला. अर्थशास्त्रात एम.ए. करतोय, हुशार आहे, शेतीवरच प्रकल्प आहे त्याचा. लॅपटॉपवर त्यानं मला सुरेख आलेख दाखवले : उसाखालचं क्षेत्र, पाऊस, एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव), रंगीत रेषा एकमेकींवरून वळणं घेत जाताना. मी विचारलं, "कारखान्यात गेला होतास का?" म्हणाला, "गरज नाही ना, मावशी. सगळा डेटा डाउनलोड होतो." मळीची विक्री होते का डाउनलोड, विचारलं. त्यानं दहा मिनिटं शोधलं, मग म्हणाला की ती दिसत नाहीये, बहुतेक अहवालात असेल. अहवालात नसते, हे मी त्याला सांगितलं आणि मागची पानं दाखवली. मुलगा चांगला आहे. तक्ते बघता बघता त्याचे डोळे बारीक झाले, पेन्सिल घेतली, तोटा आणि साठा यांच्यात कुठेतरी मेळ बसत नाही म्हणून पानं मागेपुढे करायला लागला. "मे महिन्यात इंटर्नशिप करू शकतो मी तिथं," म्हणाला, आणि लगेच, "स्टायपेंड किती देतात?"

विचारून सांगते म्हटलं. मामेभावाला फोन लावला; तो संचालकांच्या उठबशीतला आहे, त्याला सगळं कळतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "पाठव की, घरचाच पोरगा आहे," म्हणाला. "पण मळीचं नको म्हणावं त्याला. माती परीक्षणाचं काहीतरी देतो करायला, सर्टिफिकेट देऊ, फोटोही काढू." भाच्याला हे जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, माती परीक्षणाच्या निमित्तानं गट ऑफिसात बसायला तर मिळेल, ऊस मोजायच्या काट्याच्या पावत्या तिथंच येतात ना? येतात, म्हटलं. अर्ज अजून गेलेला नाही. मराठीत लिहायचा की इंग्रजीत, यावर त्याचा आणि मामांचा वाद चालू आहे.